संपाच्या दिवशी कॅब: वाढीव भाड्यातून वाट कशी काढायची

सकाळी साडेआठची वेळ. स्टेशनच्या दाराला शटर, त्यावर चिकटपट्टीने लावलेला संपाचा कागद, आणि समोर शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. नव्या शहरातला माझा पहिला संप असा सुरू झाला. ॲपवर रोजच्या अंतराचं भाडं अडीचपट दिसत होतं. उशीर होणार या धास्तीने माझं बोट 'बुक करा'वर गेलंच होतं, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एक बाई बोलल्या. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र होतं. "इथून नका हो बुक करू. इथे सगळेच बोलावतायत. पुलापलीकडे चला, मीही तिकडेच निघालेय."

अकरा मिनिटं चाललो. पुलापलीकडे तेच ॲप, तेच जायचं ठिकाण, आणि भाडं दीडपटीच्या आसपास. त्यांचं हॉस्पिटल माझ्या वाटेवरच होतं, म्हणून एकच गाडी केली आणि भाडं वाटून घेतलं. हिशेब केला तर मला रोजच्या कॅबपेक्षाही कमी पडले.

तेव्हापासून संपाच्या दिवशी मी एवढंच धरून चालतो की वाढीव भाडं हे तुम्ही उभे आहात त्या जागेचं आणि त्या घटकेचं असतं. जागा बदलली, वेळ बदलली किंवा सोबती मिळाला, की ते बदलतं. पहिल्यांदाच मोठ्या शहरात राहायला आलेल्यांसाठी, किंवा कॅबचं ॲप आत्ताच वापरायला लागलेल्यांसाठी, हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी समजून घ्या: भाडं वाढतं कसं

हा भाग घाईत ओलांडू नका, कारण पुढच्या सगळ्या युक्त्या यातूनच निघतात.

ॲपवाल्या कंपन्या शहराचे छोटे छोटे तुकडे पाडतात. उबरने यासाठी षटकोनी चौकटींची एक पद्धत बनवली, तिचं नाव एच-थ्री, आणि २०१८ मध्ये ती सगळ्यांना वापरायला खुली केली. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनांची जाळी नकाशावर पसरलेली असते. प्रत्येक तुकड्यात किती जण गाडी मागतायत आणि किती गाड्या मोकळ्या आहेत, हे यंत्रणा सतत मोजते. मागणी गाड्यांच्या पुढे गेली की त्या तुकड्यातला दर चढतो. शेजारच्या तुकड्यात गर्दी कमी असेल तर तिथला दर कमी. आमचा पूल अशाच दोन तुकड्यांच्या मधे होता.

मोजणाऱ्या यंत्रणेला गर्दी कशामुळे झाली हे कळत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीत एका कॅफेत बंदूकधाऱ्याने लोकांना ओलीस ठेवलं, तेव्हा त्या भागातून बाहेर पडणाऱ्यांसाठी उबरचे दर आपोआप चढले. कंपनीला नंतर माफी मागावी लागली, पैसेही परत करावे लागले. संपाच्या सकाळीही हेच होतं: यंत्रणेला फक्त दिसतं की एका चौकातून एकदम दोनशे जण गाडी मागतायत.

वाढीव दराच्या बाजूने कंपन्या जे सांगतात त्यात तथ्य आहे, हेही सांगायला हवं. दर चढला की काही ड्रायव्हर त्या भागाकडे वळतात, आणि ज्यांना घाई नाही असे प्रवासी थांबतात. २०१४ संपून २०१५ सुरू होताना, ३१ डिसेंबरच्या रात्री, न्यूयॉर्कमध्ये उबरची दर वाढवणारी यंत्रणा २६ मिनिटं बंद पडली होती. नंतर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्या वेळात गाडी मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती मिळाली आणि वाट पाहण्याचा काळ वाढला. हा अभ्यास कंपनीशी संबंधित लोकांनीच केलेला आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. पण भाडं नेहमीचंच ठेवलं म्हणून सगळ्यांना गाडी मिळत नाही, एवढं त्यातून दिसतं. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे: ज्याला जायलाच हवं, म्हणजे डायलिसिसचा रुग्ण, परीक्षेचा विद्यार्थी, हातावर पोट असलेला माणूस, त्याच्याकडून आणि सहज निघालेल्याकडून यंत्रणा एकच दर मागते. पैसे ज्याच्याकडे आहेत तो आधी जातो. हे विसरू नका, म्हणजे पुढे 'सोबत' या भागात मी इतका आग्रह का धरतोय ते कळेल.

आणखी एक गाठ सोडवून घेऊ. पूर्वी स्क्रीनवर 'दोनपट', 'अडीचपट' असा गुणक दिसायचा. २०१६ पासून उबरने बऱ्याच ठिकाणी प्रवास सुरू होण्याआधीच एकच ठोक रक्कम दाखवायला सुरुवात केली, इतरांनीही तेच केलं. त्यामुळे वाढ नेमकी किती आहे हे आता डोळ्यांना दिसत नाही. त्यात संपाच्या दिवशी भाडं दोन कारणांनी फुगतं: मागणी जास्त म्हणून, आणि रस्ते तुंबलेले म्हणून. भाड्यात अंतरासोबत वेळेचेही पैसे असतात. एरवी वीस मिनिटांचा प्रवास पन्नास मिनिटांचा झाला तर मागणीपोटी काहीही वाढ नसतानाही रक्कम चढते. म्हणून तुमच्या रोजच्या दोन-तीन मार्गांचं साध्या दिवसाचं भाडं आणि लागणारा वेळ आजच कुठेतरी टिपून ठेवा. हा आकडा हाताशी नसेल तर संपाच्या सकाळी दिसणारी रक्कम महाग की बरी, हे ठरवायला मापच नसतं.

संपाची घोषणा झाली की

बातमीचा फक्त मथळा वाचून थांबू नका. चार प्रश्नांची उत्तरं शोधा.

संप कुणाचा? बसचा असेल तर रेल्वे चालू असते, रेल्वेचा असेल तर बस. आणि टॅक्सी-कॅब चालकांचाच संप असेल तर या लेखातला अर्धा भाग बाजूला ठेवा, कारण तेव्हा प्रश्न भाड्याचा नसून गाडीच नसण्याचा असतो. अशा वेळी ॲपवर बुकिंग घेणं-देणं हासुद्धा वादाचा विषय होतो. २८ जानेवारी २०१७ ला न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने, काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर ट्रम्प यांनी घातलेल्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ, जेएफके विमानतळावरून प्रवासी घेणं तासभर थांबवलं होतं. उबरने तिथला वाढीव दर बंद केल्याचं जाहीर केलं, आणि स्वस्त गाड्या देऊन संप मोडताय, असा आरोप होऊन लोकांनी भराभर ॲप काढून टाकलं.

पूर्ण की अंशतः? काही देशांत संपातही किमान सेवा चालवणं बंधनकारक असतं. इटलीत १९९० च्या कायद्याने हे ठरवून दिलंय, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांत गाड्या सोडाव्या लागतात. फ्रान्समध्ये २००७ च्या कायद्यानुसार वाहतूक कर्मचाऱ्यांना आपण संपात आहोत हे ४८ तास आधी कळवावं लागतं, आणि कोणत्या फेऱ्या धावतील ते प्रवाशांना २४ तास आधी सांगावं लागतं. तुमच्या शहरात असं वेळापत्रक निघत असेल तर तो कागद कॅबच्या ॲपपेक्षा जास्त कामाचा.

सुरू कधी, संपणार कधी? मध्यरात्री सुरू होणाऱ्या संपात आदल्या रात्रीची शेवटची गाडी सुटली की स्टेशनाबाहेर दर उसळतो. त्या रात्री अर्धा तास आधी घरी निघा.

चौथा प्रश्न ऑफिसला किंवा कॉलेजला विचारायचा: उशीर चालेल का, घरून काम चालेल का, कॅबचा खर्च मिळणार असेल तर वाढीव भाड्यासकट मिळेल का? उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर लेखी घ्या. "हो हो, बघू" हे उत्तर पावती जमा करायच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आदल्या रात्री

फोन पूर्ण चार्ज करा, पॉवर बँकही. हे नुसतं बॅटरी संपू नये म्हणून नाही. उबरमध्ये आर्थिक वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कीथ चेन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की ज्यांच्या फोनची बॅटरी संपत आलेली असते ते वाढीव भाडं जास्त सहज मान्य करतात. त्यावरून भाडं ठरवत नाही, असं कंपनीने स्पष्ट केलं होतं. पण कंपनीने काही केलं नाही तरी तुमचा स्वतःचा धीर सुटतोच. चार टक्के बॅटरी दिसली की माणूस पुढचा विचार करत नाही. चेन यांनी आणखी एक सांगितलं होतं: दोनपट म्हटलं की लोक थबकतात, २.१ पट म्हटलं की नीट हिशेब करून काढलेला आकडा वाटतो आणि ते होकार देतात. आता ठोक रक्कम दिसते, पण आकड्याच्या दिसण्यावर न जाता तुम्ही टिपून ठेवलेल्या रकमेशी तो ताडून बघा.

किमान दोन ॲप घालून, पैसे देण्याची सोय जोडून ठेवा. नवं ॲप संपाच्या सकाळी रस्त्यावर उभं राहून सुरू करायला गेलात तर ओटीपी येत नाही, कार्ड जोडलं जात नाही, आणि तोवर आजूबाजूचे निघून गेलेले असतात. थोडे सुटे पैसेही खिशात असू द्या.

आगाऊ बुकिंगची सोय वापरायची असेल तर आधी बारीक अक्षरं वाचा. काही ठिकाणी आगाऊ बुकिंगला भाडं पक्कं होतं, काही ठिकाणी फक्त अंदाज दाखवतात. आणि भाडं पक्कं झालं तरी ड्रायव्हर येईलच याची हमी बहुतेक वेळा नसते. ॲप त्या वेळेच्या थोडं आधी गाडी शोधायला लागतं, एवढंच. विमान किंवा परीक्षा असेल तर आगाऊ बुकिंगवर विसंबू नका, सोबत दुसरी सोय ठेवा.

आता नकाशा उघडा, आणि कॅबचा विचार न करता उघडा. घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांत काय काय येतं ते बघा: चालू असलेल्या मार्गाचं स्टेशन, दुसऱ्या मार्गाचा बसथांबा, सायकल भाड्याने मिळण्याची जागा. रेल्वेच्या नकाशावर दूर वाटणारी स्टेशनं प्रत्यक्षात अनेकदा जवळ असतात, कारण तो नकाशा अंतर दाखवण्यासाठी काढलेलाच नसतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला आणि काही स्टेशनं बंद राहिली. पुढे संशोधकांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर सुमारे ५ टक्के रोजचे प्रवासी संपात शोधलेल्या नव्या वाटेवरच राहिले होते. त्यांना इतके दिवस आपली जवळची वाट माहीतच नव्हती. पुढच्या वर्षी लंडनच्या वाहतूक खात्याने दोन स्टेशनांमध्ये चालत किती मिनिटं लागतात ते दाखवणारा नकाशाही काढला. तुमच्या शहरासाठी असा नकाशा रात्री दहा मिनिटांत तुम्हीच कागदावर काढू शकता.

सोबत जमवा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी ही, आणि नवखी माणसं नेमकी हीच टाळतात, कारण ओळख नसते.

हिशेब बघा. नेहमीचं भाडं १०० धरा. संपाच्या सकाळी ते २४० झालं. एकट्याला २४०. चौघांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी ६०. मधे दोन थांबे वाढवले म्हणून एकूण २८० झालं तरी प्रत्येकी ७०, म्हणजे साध्या दिवशी एकट्याने जाण्यापेक्षा कमी. एवढा फरक दुसरी कुठलीही युक्ती पाडत नाही. शिवाय चार जणांसाठी एकच गाडी अडते आणि तीन गाड्या दुसऱ्या कुणासाठी मोकळ्या राहतात.

डिसेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्कची बस आणि भुयारी रेल्वे तीन दिवस बंद होती. तेव्हा शहराने नियमच केला: सकाळच्या वेळी मॅनहॅटनच्या मध्य आणि दक्षिण भागात शिरणाऱ्या मोटारीत किमान चार माणसं हवीत. टॅक्सीलाही एकाच वेळी अनेक प्रवासी घ्यायची मुभा दिली आणि विभागवार ठरावीक भाडं लावलं. तेव्हा ॲपवरच्या कॅब नव्हत्या, पण रिकाम्या सीटला त्या दिवशी किती मोल असतं, हे ओळखून केलेला तो नियम होता.

तुमच्या इमारतीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर आदल्या रात्री साधा मेसेज टाका: "उद्या संप आहे. मी सकाळी ७:१५ ला मुख्य गेटवरून अमुक दिशेला कॅब करतोय. तीन जागा आहेत. भाडं सारखं वाटून घेऊ." वेळ, जागा, दिशा आणि वाटणी, चारही गोष्टी हव्यात. नुसतं "कुणी येतंय का?" लिहिलं तर उत्तर येत नाही. पैशांचं गाडीत बसायच्या आधीच बोलून घ्या. उतरताना जो आधी उतरतो त्याने किती द्यायचे, यावरून अवघडलेपण येतं, आणि नव्या ओळखीत ते नको. ॲपमध्ये सगळे थांबे सुरुवातीलाच भरा. वाटेत थांबा वाढवला की भाडं नव्याने काढलं जातं, आणि ते त्या क्षणीच्या दराने निघू शकतं.

अनोळखी माणसाबरोबर गाडी वाटून घ्यायची असेल तर स्वतःचं मन काय सांगतंय ते ऐका. दिवसाउजेडी, गर्दीच्या जागी, आणि बुकिंग तुमच्या नावावर असेल तर बरं. घरच्या कुणाला तरी प्रवासाची लिंक पाठवून ठेवा.

सकाळी, ॲप उघडताना

पहिल्या आकड्याला होकार देऊ नका. दोन मिनिटं या गोष्टींना द्या.

दोन्ही ॲपवर एकच ठिकाण टाकून रक्कम बघा. गाडीचा प्रकारही बदलून बघा. कधी कधी छोट्या गाड्यांवर सगळ्यांच्या उड्या पडलेल्या असतात आणि मोठी गाडी जेमतेम थोडीच महाग असते. चौघं असाल तर तीच घ्या. पण दोन्हीकडे एकाच वेळी बुक करून जो आधी येईल त्यात बसणं कृपा करून टाळा. दुसरा ड्रायव्हर त्या तुंबलेल्या रस्त्यातून तुमच्यासाठी येत असतो, आणि कॅन्सलचा दंड तुम्हाला बसतो तो वेगळाच.

मग पिकअपची पिन, म्हणजे गाडी तुम्हाला घ्यायला जिथे येणार ती नकाशावरची खूण, हलवून बघा. स्टेशन, मोठा चौक, मॉलचं दार यांपासून दूर, पाच ते पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर न्या आणि रक्कम पुन्हा वाचा. जायच्या दिशेलाच पिन सरकवा, म्हणजे चाललेलं वाया जात नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उबरच्या दरांचा अभ्यास केला, तेव्हा शेजारच्या भागात चालत गेल्याने स्वस्त गाडी मिळते असं त्यांनाही आढळलं होतं. त्यांना असंही दिसलं की हे दर पाच-पाच मिनिटांनी बदलतात आणि बऱ्याच वाढी थोड्या वेळात ओसरतात.

इथे एक सावधगिरी. "पाच-दहा मिनिटं थांबा, उतरेल" हा सल्ला पाऊस थांबल्यावर किंवा सामना सुटल्यावरच्या गर्दीला लागू पडतो. संपात मागणी तासन् तास टिकते. साडेआठला थांबून आठ-चाळीसला काही फरक पडणार नाही. फरक पडतो तो पावणेसातला निघालात तर, किंवा साडेदहानंतर. म्हणून संपात वेळेचा डाव मिनिटांत खेळू नका, तासांत खेळा. लवकर पोचून ऑफिसच्या पायरीवर बसावं लागलं तरी चालेल.

संपूर्ण प्रवास कॅबने करायचीही गरज नसते. बस बंद पण रेल्वे चालू असेल तर चालू स्टेशनापर्यंतच कॅब घ्या. मोठा टप्पा रेल्वेने, तुटलेला टप्पा कॅबने, शेवटचा पायी. मीटरवर चालणाऱ्या टॅक्सी असतील तर त्यांच्या स्टँडवर जाऊन बघा. त्यांचा दर सरकारने ठरवून दिलेला असतो, मागणीप्रमाणे चढत नाही. रांग लांब असेल, पण रांगेत उभं राहणाऱ्याला पैसेवाला ओलांडून जात नाही.

आणि हॉस्पिटल गाठायचं असेल, प्रसूतीची वेळ असेल, तर यातलं काही करत बसू नका. जी गाडी दिसेल ती घ्या, अगदी तातडी असेल तर रुग्णवाहिका बोलवा. पैशांचा विचार दुसऱ्या दिवशी.

बुक झाल्यावर

पिन नीट तपासा. ही चूक मला महागात पडली आहे. एका संपाच्या संध्याकाळी ॲपने माझी जागा आपोआप रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला धरली होती. मधून मोर्चा चालला होता, पोलिसांनी कठडे लावलेले. ड्रायव्हर दिसत होता, चाळीस पावलांवर, पण त्याला इकडे येता येईना आणि मला तिकडे जाता येईना. थांबण्याचे पैसे लागले, मग बुकिंग रद्द झालं आणि त्याचाही दंड. तेव्हापासून मी मोर्चाचा मार्ग आधी बघतो, आणि बुक होताच ड्रायव्हरला खूण सांगतो: "निळ्या पाटीखाली उभा आहे, पुलाच्या उताराला."

ड्रायव्हरने फोन करून "कुठे जायचंय? ॲपवरचं कॅन्सल करा, रोख इतके द्या" म्हटलं तर नाही म्हणा. ॲपबाहेर गेलात की प्रवासाची नोंद राहत नाही, काही झालं तर तक्रारीला आधार नाही, आणि विमा लागू होईल की नाही हाही प्रश्न. कॅन्सल तुम्ही केलंत तर दंड तुमच्या माथी. तो येत नसेल तर थोडं थांबा, ॲपमधून कळवा, आणि संभाषणाचा स्क्रीनशॉट ठेवा.

पण वाढीव भाड्यावरून त्याच्याशी वाद घालू नका. दर त्याने ठरवलेला नसतो. तुम्ही जास्तीचे दिलेले सगळे पैसे त्याला मिळतातच असंही नाही: २०१८ नंतर उबरने अमेरिकेतल्या अनेक शहरांत ड्रायव्हरचा वाढीव मोबदला भाड्याच्या पटीत न देता ठोक रकमेत द्यायला सुरुवात केली, त्यामुळे प्रवाशाची वाढ आणि ड्रायव्हरची वाढ यांचा थेट संबंध उरला नाही. तो सकाळपासून त्याच कोंडीत आहे. पाण्याची बाटली पुढे करा.

बसण्याआधी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोटो जुळवा. गर्दीत एकाच रंगाच्या चार गाड्या उभ्या असतात.

परतीचं सकाळीच ठरवा

सकाळी माणसं सहा ते अकरा अशी विखरून निघतात, संध्याकाळी सगळी ऑफिसं एकदम सुटतात. त्यात अंधार, थकवा आणि उतरत चाललेली बॅटरी. ज्यांच्याबरोबर सकाळी आलात त्यांच्याशीच परतीची वेळ ठरवा. चारला निघता आलं तर निघा, नाहीतर आठपर्यंत काम करत बसा. साडेपाच ते सात टाळा. एकट्याने रात्री जायचं असेल तर स्वस्त गाडीसाठी निर्जन गल्लीत पिन नेऊ नका. तिथे जास्तीचं भाडं देऊन उजेडातून गाडीत बसलेलं बरं.

पावती आणि नियम

घरी पोचल्यावर पावती उघडा. बुक करताना दिसलेली रक्कम आणि कापलेली रक्कम जुळते का? मार्ग फार बदलला, थांबा वाढला किंवा खूप थांबावं लागलं तर फरक पडू शकतो. तसं काही नसताना फरक असेल तर ॲपमध्ये तक्रार करा. यासाठी बुक करतानाच्या रकमेचा स्क्रीनशॉट हवा, म्हणून सकाळी तो काढायला विसरू नका.

तुमच्या भागात वाढीव भाड्याला वरची मर्यादा आहे का, तेही शोधून ठेवा. भारतात केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत वाढ चालत होती, २०२५ च्या सूचनांनी ती दुपटीपर्यंत नेली. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. दिल्ली सरकारने एप्रिल २०१६ मध्ये सम-विषम नंबरच्या गाड्या आलटून-पालटून रस्त्यावर आणण्याच्या योजनेच्या काळात वाढीव भाडं थेट बंदच केलं होतं. न्यूयॉर्क राज्याच्या नफेखोरीविरोधी कायद्यात बाजार विस्कळीत होण्याच्या कारणांमध्ये वादळ, युद्ध यांच्या यादीत 'संप' हा शब्दही आहे, आणि २०१४ मध्ये उबरने तिथल्या महाधिवक्त्यांशी अशा काळात दरावर मर्यादा ठेवण्याचा करार केला. मर्यादा ओलांडलेली दिसली तर ॲपवर थांबू नका, परिवहन खात्याकडे पावतीसह लेखी तक्रार द्या. अशा तक्रारी साठल्या की खात्याला दखल घ्यावी लागते.

संप मिटला तरी

"संप मागे" ही बातमी रात्री आली म्हणून दुसऱ्या सकाळी पहिल्याच गाडीच्या भरवशावर राहू नका. गाड्या आणि बस नेहमीच्या जागी उभ्या नसतात, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या विस्कटलेल्या असतात, काही मार्ग दुपारनंतरच रुळावर येतात. म्हणून ग्रुपवरचा तो मेसेज आणखी एका दिवसासाठी टाका, आणि पहिली गाडी खरंच सुटली का ते बघूनच घराबाहेर पडा.